पफ पॅनलची कोल्ड रूम उभी करताय? आधी फरशीखालचे थर लिहून घ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पफ पॅनलच्या भिंती, छत, दरवाजा आणि मशीन यांची निवड बघितली. त्याच व्हिडिओत मी म्हणालो होतो की फरशीचा आणि पायाचा भाग वेगळा घेऊ. तो हा पाठ. वही-पेन घेऊन बसा, कारण यात आकडे आहेत आणि ते तुम्हाला कोटेशनमध्ये लिहायचे आहेत.

आधी मूळ मुद्दा. पॅनल कारखान्यात बनतं. त्याची जाडी, घनता, पत्रा, सगळं छापील येतं, वॉरंटीही मिळते. मशीनचंही तसंच. फरशी मात्र तुमच्या शेतात किंवा गाळ्यात, स्थानिक मिस्त्रीच्या हातून तयार होते. आता पॅनलवाल्याचं कोटेशन काढा आणि शेवटच्या पानावरच्या अटी वाचा. बहुतेक ठिकाणी एक ओळ सापडेल : "सिव्हिल वर्क ग्राहकाकडे." म्हणजे पॅनलवाला म्हणतो फरशी माझी नाही. मिस्त्रीला कोल्ड रूम म्हणजे काय हे कुणी सांगितलेलं नसतं, तो नेहमीचा कोबा करून मोकळा होतो. मधल्या मध्ये फरशी कुणाचीच राहत नाही, आणि बिल मात्र तुमचं.

भिंतीचं एक पॅनल खराब झालं तर बदलता येतं. मशीन बदलता येतं. फरशी बदलायची तर माल बाहेर, मशीन बंद आणि खोली फोडायची. म्हणून हे काम आधी, लेखी आणि थराथरानं.

आपलं उदाहरण

गोंधळ नको म्हणून पूर्ण पाठात एकच खोली धरूया. आतून १२ फूट बाय २० फूट, म्हणजे २४० चौरस फूट, साधारण २२ चौरस मीटर. उंची ८ फूट. आतलं तापमान ४ अंश. माल : पालेभाजी, मटार, गुलाब. खोली शेतात, उघड्यावर, वर पत्र्याची शेड. जमीन काळी. तुमची खोली लहान-मोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला, क्रम तोच राहतो.

"हलकी खोली आहे, पाया कशाला?"

हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. हिशोब करू.

८० मिमीचं पॅनल चौरस मीटरला साधारण ११ किलो भरतं. आपल्या खोलीच्या चार भिंती आणि छत मिळून साधारण ७० चौरस मीटर. म्हणजे सगळी खोली पाऊणशे-एक टन नव्हे, जेमतेम पाऊण टन. खरंच हलकी आहे. पण आत माल किती? २० किलोचं एक कॅरेट, आठ कॅरेटची थप्पी म्हणजे १६० किलो, आणि अशा पंचवीस-तीस थप्प्या. चार ते पाच टन! शिवाय भरलेली ट्रॉली रोज त्याच वाटेनं ये-जा करणार. पाया पॅनलसाठी नाही, मालासाठी लागतो.

दुसरं कारण काळ्या मातीचं. विदर्भ-मराठवाड्यातल्या आणि नदीकाठच्या शेतकरी मित्रांना हे वेगळं सांगायला नको. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जड इमारत आपल्या वजनानं त्या मातीला थोडंफार दाबून धरते. हलक्या खोलीत ते वजनच नाही. माती फुगली की ती खोलीला सरळ वर उचलते, तेही एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी. पॅनलचे सांधे उघडतात, दरवाजा घासायला लागतो, त्याचं रबर नीट बसत नाही. मग आपण दरवाजेवाल्याला फोन करतो. दोष दरवाजाचा नसतो.

तिसरं कारण वारा. हलकी खोली उघड्यावर असेल तर वादळात तिला धरून ठेवायलाही काहीतरी वजनदार लागतं. पॅनलच्या खालचा चॅनल जोत्याच्या काँक्रीटला अँकर बोल्टनं बांधलेला हवा, आणि शेडचे खांब वेगळ्या पायावर हवेत. शेडचा भार पॅनलवर टाकू नका.

परदेशी व्हिडिओ बघताना सावध

तुमच्यापैकी बरेच जण यूट्यूबवर इंग्लंडमधल्या गार्डन रूमचे व्हिडिओ बघता. परसात इन्सुलेटेड पॅनलची छोटी खोली, ऑफिस किंवा जिम म्हणून. बांधकाम सुंदर असतं, शिकण्यासारखंही खूप असतं. जमिनीत स्क्रू फिरवून त्यावर लाकडी सांगाडा, सांगाड्यात इन्सुलेशन, वर प्लायवूड. पण ती खोली आतून गरम ठेवायची असते, बाहेर थंडी. हवेतली वाफ उबदार बाजूकडून थंड बाजूकडे जाते, म्हणून तिथे वाफ अडवणारा थर इन्सुलेशनच्या आतल्या अंगाला लावतात.

आपली कोल्ड रूम याच्या बरोबर उलट. आत थंड, बाहेर आणि जमिनीत गरम. वाफ बाहेरून आत येऊ बघते. म्हणून आपल्याकडे वाफ अडवणारा थर इन्सुलेशनच्या खाली, म्हणजे जमिनीच्या बाजूला लागतो. व्हिडिओ बघून थर जसेच्या तसे उचलले आणि फक्त वरच्या अंगाला कागद टाकला, तर जमिनीतली वाफ इन्सुलेशनमध्ये शिरून तिथेच अडकते. इन्सुलेशन ओलं झालं की त्याचा उपयोग कमी होतो आणि ते पुन्हा वाळत नाही.

एवढं एक वाक्य पाठ करा : वाफेचा कागद नेहमी गरम बाजूला.

फरशीचे थर, खालून वर

आता मुख्य भाग. मिस्त्रीसमोर हाच कागद ठेवायचा.

*१. खोदाई.* काळी माती काढायची. खोलीच्या बाहेर चारही बाजूंनी एकेक फूट जास्त धरा, म्हणजे १४ बाय २२ फूट. २ फूट खोली ही हिशोबाची सुरुवात. माती किती खोल आहे हे एक खड्डा घेऊन स्थानिक सिव्हिल इंजिनिअरला दाखवा आणि खोली त्याच्याकडून ठरवून घ्या. मुरमाड जमीन असेल तर वरची भुसभुशीत माती काढली की काम भागतं. कोकणात जांभा असेल तर मातीची चिंता कमी, पण पाण्याची जास्त. तिथे जोतं उंच घ्या.

*२. मुरूम भराव.* एकदम ट्रॉल्या ओतून वरून रोलर फिरवायचा नाही. ६-६ इंचांचा थर, पाणी, धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर, मग पुढचा थर. आपल्या खड्ड्याला दाबून बसलेला मुरूम सहा ब्रासच्या आसपास लागतो. सुटा मुरूम मागवताना साडेसात ते आठ ब्रास धरा. कुणी चार ब्रासमध्ये काम झालं म्हणाला तर मोजपट्टी काढा.

*३. वाळवी प्रतिबंधक फवारणी.* वाळवी पफ खात नाही, पण त्यातून बोगदे काढते. मुंग्या आणि उंदीरही तेच करतात. याचं भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. पेस्ट कंट्रोलवाल्याला त्या मानकाप्रमाणे बांधकामाआधीची ट्रीटमेंट द्यायला सांगा, बिलावर लिहून घ्या.

*४. सोलिंग.* १५० मिमी दगड, मधल्या फटी बारीक खडी-मुरमानं भरलेल्या. साधारण सव्वा ब्रास.

*५. पीसीसी.* १:४:८, जाडी १०० मिमी. कडेनं चारही बाजूंना आरसीसीची प्लिंथ बीम, तिचा माथा पीसीसीच्या लेव्हलला. पीसीसीचा पृष्ठभाग थापीनं गुळगुळीत करून घ्यायचा. टोकदार खडी वर राहिली तर पुढचा कागद फाटतो. आणि लेव्हल पाणसळीनं नव्हे, पाण्याच्या नळीनं किंवा लेझरनं तपासा. पॅनल जिथे उभं राहणार त्या पट्टीत चढउतार ३ मिमीपेक्षा जास्त नको. इथे चुकलेली लेव्हल पुढे छताच्या सांध्यात दिसते.

*६. वाफेचा कागद.* पीसीसी वाळल्यावर डांबरी प्रायमरचा हात, त्यावर २५० मायक्रॉनचं पॉलिथिन. दुकानात याला हजार गेजचा कागद म्हणतात. जोडावर १५० ते २०० मिमी ओव्हरलॅप आणि टेप. कागद खोलीच्या मापाचा कापायचा नाही. चारही बाजूंना बाहेर ठेवायचा, कारण तो पॅनलच्या खालून बाहेर काढून पॅनलच्या बाहेरच्या पत्र्याला चिकटवायचा आहे. भिंतीत वाफ अडवण्याचं काम बाहेरचा पत्रा करतो, फरशीत हा कागद करतो. दोघांची गाठ पडली तरच पेटी बंद होते.

*७. इन्सुलेशन.* ८० मिमी, पण एका थरात नाही. ४० मिमीचे दोन थर, खालच्या थराचा जोड वरच्या थराच्या जोडावर येता कामा नये, विटांच्या बांधकामासारखा सांधा मोडायचा. म्हणजे २४० चौरस फुटांचे दोन थर, ४८० चौरस फूट माल. पफ स्लॅब घ्या, घनता ४० किलो प्रति घनमीटर, किंवा एक्सपीएस बोर्ड घ्या. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यात येतो तो पॅकिंगचा थर्माकोल चालणार नाही. तो वजनाखाली दबतो, मग वरचं काँक्रीट पोकळ राहतं आणि ट्रॉलीखाली तडकतं. एक्सपीएस घेतलं तर ते पफपेक्षा थोडं कमी इन्सुलेशन देतं, म्हणून १०० मिमी धरा. बोर्ड आणि भिंतीच्या पॅनलमध्ये फट राहिली तर फोमनं भरा.

*८. दुसरा कागद.* इन्सुलेशनवर पुन्हा पॉलिथिन. याचं काम वेगळं. ओल्या काँक्रीटचं सिमेंटपाणी बोर्डच्या सांध्यात उतरू नये, एवढंच. हा कागद भिंतीच्या आतल्या पत्र्यावर फरशीच्या उंचीएवढा वर घ्या. ओलं सिमेंट पत्र्याच्या जस्ताला खातं, त्यापासून पत्रा वाचतो.

*९. आरसीसी.* एम२०, १०० मिमी, ८ मिमी सळई दोन्ही दिशांना २०० मिमी अंतरावर. सळई साधारण ९० ते ९५ किलो. जाळी बोर्डवर झोपवायची नाही, कव्हर ब्लॉकवर उचलून ठेवायची. मजूर इन्सुलेशनवरून घमेली घेऊन पळतील तेव्हा फळ्या टाकून द्या, नाहीतर बोर्ड तिथेच तुटतात. पीसीसी आणि आरसीसी मिळून सिमेंट साधारण २५-२६ गोण्या. प्लिंथ बीमचं वेगळं.

*१०. वरची फरशी.* कोटा आणि खालचा मसाला मिळून ५० मिमी, किंवा आरसीसीवरच चांगला घोटलेला कोबा. गुळगुळीत टाइल्स नकोत. ओल्या पायानं, हातात कॅरेट घेऊन चालणारा माणूस घसरतो.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट : लेव्हल

आता वरून खाली मोजा. कोटा ५०, आरसीसी १००, इन्सुलेशन ८०. बेरीज २३० मिमी, म्हणजे ९ इंच. याचा अर्थ, तुम्हाला तयार फरशी जिथे हवी आहे त्याच्या ९ इंच खाली पीसीसीचा माथा हवा. हे मिस्त्रीला पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर तो पीसीसी बाहेरच्या ओट्याच्या लेव्हलला आणून ठेवतो. मग दोनच वाटा उरतात. इन्सुलेशन गाळायचं किंवा दरवाजात ९ इंचांची पायरी करायची. आणि पायरी आली की ट्रॉली गेली. माणसाच्या पाठीवर माल चढणार.

जोत्याची उंची : तयार फरशी आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५० मिमी, म्हणजे दीड फूट वर. तुमच्याकडे पावसात पाणी त्याहून वर येत असेल तर जास्त. आपल्या थरांनुसार पॅनलचा तळ जमिनीपासून साधारण २२० मिमी वर राहतो. पावसाचे शिंतोडे तिथे मारतात, म्हणून पॅनलच्या तळाला पत्र्याची पाणीतोड पट्टी आणि बाहेर उताराचा प्लिंथ प्रोटेक्शन कोबा.

दीड फूट चढायला ट्रॉलीसाठी १:१२ उताराचा रॅम्प घेतला तर त्याला साडेपाच मीटर जागा लागते, म्हणजे १८ फूट. तेवढी जागा समोर आहे का? टेम्पो वळणार कुठे? हे खोलीची जागा आखतानाच बघा. गाडीच्या फाळक्याच्या उंचीचा धक्का केला तर रॅम्प लागत नाही, तोही विचार करा.

जुन्या गाळ्यात खोली करत असाल तर आधी गाळ्याची उंची मोजा. जुन्या कोब्यावर थर चढवले तर दरवाजात तेवढी चढण येणार. त्यासाठी बाहेर रॅम्पची जागा नसेल तर जुना कोबा फोडून खाली जाणंच बरं. खर्च आत्ता दिसतो, पण तो एकदाच.

कडा आणि दरवाजा

थर बरोबर पडले तरी थंडी कडेनं निसटते. तीन जागा बघा.

पहिली, भिंतीचा तळ. पॅनल आधी पीसीसीच्या कडेवर पीव्हीसी चॅनलमध्ये उभं करायचं आणि फरशीचं इन्सुलेशन आतून त्याला टेकवायचं. फोमला फोम भिडला पाहिजे. आधी पूर्ण फरशी करून तिच्यावर पॅनल उभं केलं, तर आतलं थंड काँक्रीट पॅनलच्या खालून थेट बाहेर जातं. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर २६ अंशांपेक्षा थंड असलेली कोणतीही वस्तू घामेजते. बाहेरून भिंतीच्या तळाशी कायम ओल दिसली की लोक म्हणतात पाणी झिरपतंय. प्रत्यक्षात थंडी बाहेर झिरपत असते.

दुसरी, दरवाजाचा उंबरा. आतलं आरसीसी आणि बाहेरचा ओटा एकसंध ओतू नका. दरवाजाच्या बरोबर खाली ५० मिमीची इन्सुलेशन पट्टी उभी ठेवून काँक्रीट तोडा, वर चेकर्ड प्लेट टाका. नाहीतर दरवाजासमोर रोज पाणी आणि चिखल.

तिसरी, पाइप. खोलीच्या मध्यभागी ड्रेन काढायचा मोह टाळा, ते इन्सुलेशनला पाडलेलं भोक असतं. फरशीला दरवाजाकडे १:२०० चा हलका उतार द्या, २० फुटांत ३० मिमी. धुतलेलं पाणी वायपरनं बाहेर. इव्हॅपोरेटरचं पाणी पाइपनं भिंतीतून बाहेर काढा, बाहेर त्याला यू-ट्रॅप द्या, म्हणजे त्या वाटेनं गरम हवा आत ओढली जाणार नाही.

आतल्या बाजूनं भिंतीला लागून चारही बाजूंना १५० मिमी उंचीचा काँक्रीटचा कर्ब करा. ट्रॉलीचा धक्का पॅनलला न बसता कर्बला बसतो, आणि माल भिंतीपासून थोडा दूर राहून हवा खेळते.

इन्सुलेशन गाळलं तर किती वाचतात?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो, म्हणून हिशोबच देतो. आकडे अंदाजाचे आहेत, पण निर्णयाला पुरेसे.

जमिनीचं तापमान साधारण २७ अंश, खोली ४ अंश. फरक २३. एवढ्या लहान खोलीची बिनइन्सुलेशनची फरशी दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला साधारण १.१ वॅट उष्णता आत घेते. ८० मिमी पफ टाकला की ०.२५ च्या आसपास.

बिनइन्सुलेशन : २२ × २३ × १.१ = साधारण ५५५ वॅट.
इन्सुलेशनसह : २२ × २३ × ०.२५ = साधारण १२५ वॅट.
फरक : ४३० वॅट, रात्रंदिवस.

लहान मशीन उन्हाळ्यात १ युनिट विजेत साधारण २ युनिट उष्णता बाहेर काढतं असं धरा. म्हणजे २१५ वॅट वीज जास्त. २४ तासांत ५ युनिटपेक्षा थोडी जास्त. समजा युनिट १० रुपये. दिवसाला ५० रुपये, वर्षाला अठरा हजारांच्या पुढे. तुमच्या बिलावरचा दर घालून हा हिशोब स्वतः करा. मग ४८० चौरस फूट बोर्डचं कोटेशन शेजारी ठेवा आणि किती वर्षांत पैसे वसूल होतात ते बघा.

पण विजेचं बिल ही अर्धी गोष्ट. बिनइन्सुलेशनच्या खोलीत खालची कॅरेट वरच्यांपेक्षा गरम राहतात. लोडशेडिंग झालं की खोली लवकर तापते. आणि मशीनला विश्रांती कमी मिळते. मटार खालून पिवळा पडला तर तो बाजारात कुणी इन्सुलेशनचा हिशोब करून घेत नाही.

फ्रीझर करणार असाल तर थांबा

वरचा सगळा पाठ शून्याच्या वरच्या खोलीसाठी आहे. उणे १८ अंशांचा फ्रीझर करायचा असेल तर फक्त इन्सुलेशन जाड करून भागत नाही. इन्सुलेशन कितीही जाड असलं तरी हळूहळू थंडी खाली उतरते, महिन्यांनी, कधी वर्षांनी जमिनीतलं पाणी गोठायला लागतं. बर्फ फुगतो आणि फरशी मधोमध वर उचलली जाते. त्यासाठी इन्सुलेशनच्या खाली हवा खेळवणारे पाइप किंवा हीटर केबल लागते. हे डिझाइन रेफ्रिजरेशन इंजिनिअरकडूनच करून घ्या. आणि आज कोल्ड रूम, दोन वर्षांनी तिचाच फ्रीझर असा बेत असेल तर तो आजच सांगा. नंतर फरशीखाली पाइप घालता येत नाहीत.

कोटेशनमध्ये लिहायच्या ओळी

आता धंद्याचा भाग. पॅनलवाला, मिस्त्री आणि तुम्ही, तिघांच्या सह्या असलेला एक कागद करा. त्यात :

१. थरांची यादी, प्रत्येकाची जाडी मिमीमध्ये.
२. तयार फरशीची लेव्हल आणि पीसीसीची लेव्हल, भिंतीवर किंवा खांबावर रंगानं मारलेल्या एका खुणेपासून मोजून.
३. इन्सुलेशनचा प्रकार, घनता, जाडी, आणि ते कोण आणणार. पॅनलवाल्याकडूनच घेतलं तर उत्तम, कारण मग फरशीतही त्याची जबाबदारी येते.
४. वाफेचा कागद पॅनलच्या बाहेरच्या पत्र्याला कोण जोडणार. हे एक काम दोघांच्या मध्ये पडतं, म्हणून नाव लिहाच.
५. क्रम : पीसीसी मिस्त्री, मग पॅनल, मग इन्सुलेशन आणि आरसीसी. मिस्त्रीला दोनदा यायचं आहे हे त्याला आधी माहीत हवं, दोन फेऱ्यांचा दर आधी ठरवा.
६. तीन थांबे : मुरूम दाबून झाल्यावर, पहिला कागद टाकल्यावर, दुसऱ्या कागदावर जाळी बांधल्यावर. प्रत्येक थांब्याला तुम्ही स्वतः बघायचं, मोजपट्टी ठेवून फोटो काढायचे, मगच पुढचा थर.
७. पैशांचे हप्ते त्याच तीन थांब्यांना बांधायचे. शेवटचा हप्ता खोली आठवडाभर ४ अंशांवर चालल्यावर.

कर्ज घेत असाल तर हा कागद तिथेही उपयोगी पडतो. कृषी पायाभूत सुविधा निधीतून, ही योजना २०२० पासून चालू आहे, पात्र प्रकल्पाला २ कोटींपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त ७ वर्षं ३ टक्के व्याज सवलत मिळते. बँकेत जाताना सिव्हिल कामाचं एस्टिमेट मशीन आणि पॅनलपासून वेगळं, थरांसकट द्या. "सिव्हिल काम : एकरकमी" अशी एक ओळ दिली तर नंतर वाढलेला खर्च तुमच्या खिशातून जातो.

घाई कुठे करायची नाही

आरसीसी ओतल्यावर किमान ७ दिवस पाणी मारा, आणि २८ दिवस होईपर्यंत जड माल रचू नका. ओल्या फरशीवर मशीन चालू केलं तर काँक्रीटमधलं पाणी वाफ होऊन कॉइलवर बर्फ म्हणून बसतं. मशीन सुरू करतानाही एकदम ४ अंशांवर नेऊ नका. दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्यानं खाली आणा, म्हणजे फरशीला भेगा पडत नाहीत. याचा अर्थ हंगामाच्या दीड-दोन महिने आधी काम सुरू झालं पाहिजे. पावसाळ्यात काळ्या मातीत खोदाई काढू नका.

यात दुसरा धंदाही आहे

आपल्या वाचकांत सिव्हिलचा डिप्लोमा केलेले, मिस्त्रीकाम जाणणारे बरेच मित्र आहेत. त्यांना एक सांगतो. पॅनल विकणारे बरेच आहेत, पण "फरशी आणि पाया माझ्याकडे, थरांसकट, फोटोसकट" असं लेखी देणारा माणूस शोधावा लागतो. त्यासाठी मोठं भांडवल नाही लागत. प्लेट कॉम्पॅक्टर भाड्यानं मिळतो, लेझर लेव्हल एकदाच घ्यायची. जवळच्या दोन-तीन पॅनल डीलरना भेटा आणि "ग्राहकाकडे" लिहिलेली ती ओळ आपल्या नावावर करून घ्या.

गृहपाठ

१. तुमच्या खोलीचं माप घेऊन वरच्या दहा थरांचा तक्ता वहीत करा, मुरमाचे ब्रास आणि बोर्डचे चौरस फूट काढा.
२. तयार फरशी ते पीसीसी हे अंतर मिमीमध्ये काढा. तो आकडा मिस्त्रीला फोनवर नाही, कागदावर द्या.
३. हातात असलेल्या कोटेशनमध्ये "ग्राहकाकडे" असं जिथे जिथे लिहिलंय तिथे लाल पेनानं गोल करा. प्रत्येक गोलासमोर एका माणसाचं नाव लिहा.

तिसरा गृहपाठ आज रात्रीच करा, ॲडव्हान्स देण्याआधी. शंका असतील तर खोलीचं माप, तापमान आणि मातीचा प्रकार लिहून व्हिडिओखाली विचारा.

पुढच्या पाठात मशीनची क्षमता कशी काढायची ते बघू. त्यासाठी आजचा फरशीचा आकडा लागणारच आहे, वही जपून ठेवा.